बॅगेला लावून आलेली चेन

मॅडम, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. पनवेलच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचात आणि मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायचो. माझ्या वडिलांचा तळोज्याला चेनचा कारखाना होता. दप्तरांना, पर्सना लावतात ती चेन. बाहेरून स्वस्त माल यायला लागला होता आणि घरात दुसरा विषय नव्हता. त्यामुळे "आयातीवर कर वाढवला तर फायदा कोणाचा?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी ताडकन उभा राहून म्हणालो, "देशाचा." तुम्ही खडू खाली ठेवलात. "देश म्हणजे कोण? माणसं सांग." मी पुन्हा "देश"च म्हणालो. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी बोलावलंत. तुम्ही स्वयंपाकघरात गवार मोडत बसला आहात, मी दाराशी उभा आहे. "रागावलास ना?" तुम्ही विचारता, आणि खुंटीवरची पर्स दाखवता. "ती चेन तुझ्या वडिलांच्याच कारखान्यातली आहे. महाग पडली, तरी घेतली. पण मला परवडतं म्हणून. एवढंच म्हणायचं होतं मला."

कारखाना आता मी चालवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चेनवाल्यांनी मिळून दिल्लीला अर्ज केला, की बाहेरची चेन पडत्या भावात इथे ओततात, तिच्यावर कर लावा. सुनावणीला मी स्वतः गेलो आणि माझ्या कामगारांबद्दल बोललो. त्यात खोटं काही नव्हतं. कर लागला. बंद पडलेली दोन मशिनं सुरू झाली, कोणालाही घरी पाठवावं लागलं नाही.

मग एक दिवस कामोठे गावातली एक बाई ऑफिसात आली. दोन खोल्यांत सहा बायकांकडून ती शाळेची दप्तरं शिवून घ्यायची. कर लागल्यापासून चेन माझ्याकडूनच नेत होती. तिने पिशवीतून एक परदेशी दप्तर काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, तुमची चेन चांगली हाय, आमी नाय म्हणत नाय. पन हे अख्खं दप्तर माझ्यापेक्षा स्वस्त येतं. बॅगेला लावून आलेल्या चेनीवर कर नाय का?"

"नाही," मी म्हणालो. "कर फक्त सुट्या चेनवर आहे."

"म्हंजी बाहेर शिवलं तर माफ, हितं शिवलं तर दंड?"

मी चहा मागवला. थोडी सूट देतो म्हणालो. तिने हिशेब न करताच मान हलवली. तेवढ्याने भागणार नव्हतं, ते तिला माझ्याआधी कळलं होतं. दिवाळीनंतर तिने काम बंद केलं. तिच्यातल्या दोघीजणी आज माझ्याकडे पॅकिंगला आहेत. बाकीच्या चौघींचं काय झालं, मी विचारलं नाही.

आता कराची मुदत संपत आली आहे. मुदतवाढीच्या अर्जात एक प्रश्न असा होता, की या करामुळे चेन वापरणाऱ्या उद्योगांचं नुकसान झाल्याचं आपल्या माहितीत आहे का. आज दुपारी मी तिथे "नाही" लिहिलं, सही केली आणि मग हे लिहायला बसलो. तुम्ही हयात असतात, तर ही गोष्ट मी तुमच्या कानावर जाऊ दिली नसती.