माझी सदतीस, मास्तरांची अडतीस

३ फेब्रुवारी
नव्या औषधाच्या चाचणीसाठी माझी निवड झाली. ही म्हणाली, निवड कसली, हात थरथरतो म्हणून घेतलं. हिला सांगितलं, हात थरथरणारे पुष्कळ आहेत, घेतले चाळीसच.
अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. सहा महिन्यांनी लिफाफा उघडणार. दर महिन्याला त्याच नंबरची नवी बाटली. माझा नंबर सदतीस.
मला खरं मिळालंय.
संकल्प: सहा महिन्यांत लेडीज घड्याळं पुन्हा उघडायची. तोवर दुकानात फक्त पट्टे आणि सेल बदलायचे.

४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
पहिली गोळी. कडू. कोरी गोळी कडू कशाला करतील.
८.४०. मळमळ. फार समाधान वाटलं.

११ फेब्रुवारी
भिंतीवरच्या घड्याळाचा स्क्रू बसवला. तिसऱ्या प्रयत्नात. गुण येतोय. पहिले दोन स्क्रू सापडले नाहीत.

४ मार्च
पहिली तपासणी. हॉस्पिटलातल्या नर्सला मी मोजणीबाई म्हणतो. उरलेल्या गोळ्या मोजून घेतात, एकही इकडची तिकडे चालत नाही. मग कागद देतात. त्यावर गोगलगाईच्या शंखासारखी रेघ आतून बाहेर काढायची. माझी करवतीसारखी आली. पेन खराब होतं. दुसरं मागून घेतलं. तेही खराब निघालं.
बाकावर शेजारी एक रिटायर्ड मास्तर. भूगोलाचे. नंबर अडतीस. काही फरक, म्हणून विचारलं. म्हणाले, आज शर्टाची बटणं माझी मीच लावली, आठ महिन्यांनी.
बिचारे. बटणांवर समाधान मानतात.

१९ मार्च
मळमळ थांबली. ही म्हणते, रिकाम्या पोटी तीन कप चहा पिणं बंद केलंत म्हणून. हिला औषधांतलं कळत नाही.
दुपारी एक बाई घड्याळ घेऊन आल्या. नाजूक, सोनेरी. नको म्हणायला हवं होतं. झाकण काढलं. पुढचं लिहीत नाही.

२० मार्च
लिहितो. चिमटा सुटला, आतली केसाएवढी स्प्रिंग चुरगळली. बाई म्हणाल्या, राहू द्या काका, चालत नव्हतंच. जाताना दार अगदी हळू लावलं. आजाऱ्याच्या खोलीचं लावतात तसं.
मुलीचा फोन. बाबा, दुकान कोणाला चालवायला द्यायचं का. म्हटलं, ऑगस्टपर्यंत हा विषय नको.

४ एप्रिल
दुसरी तपासणी. करवत. मास्तरांचा कागद मुद्दाम बघितला नाही, शेजारीच होता. रेघ छापल्यासारखी. म्हणाले, बहिणीला चार पानी पत्र लिहिलं, तिने उलट विचारलं, लिहून कोणी दिलं?
मास्तरांसाठी जीव तुटतो. कोऱ्या गोळीवर माणूस किती विश्वास ठेवतो.

६ एप्रिल
खूप विचार केला. माझ्या अंगात दोन महिन्यांचं खरं औषध जमलंय. मास्तर एकटे, नुसत्या विश्वासावर चाललेत, आणि विश्वास एक दिवस संपणार. माझ्या गोळ्या त्यांना द्याव्यात. मोजणी बिघडू नये म्हणून त्यांच्या मी घ्याव्यात.
हा त्याग आहे. हिला सांगितलं नाही. त्यागाची वाच्यता करू नये.

९ एप्रिल
मास्तरांच्या घरी. नाही म्हणाले. आपण सही केलीय. शिवाय मला बरं वाटतंय. म्हटलं, तेच तर, कोऱ्यावर एवढं, मग खऱ्यावर किती. म्हणाले, तुमचं खरं कशावरून? कडू आहे म्हणून सांगितलं. म्हणाले, माझीही कडूच आहे.
हा मुद्दा मी बाजूला ठेवला.

१४ एप्रिल
चौथी खेप. मास्तरांनी चहा दिला. कप उचलला. उचलायला नको होता. अर्धा चहा बशीत, उरलेला माझ्या पँटवर. मास्तरांनी कप माझ्या हातातून काढून घेतला, बशी पुसली. मग म्हणाले, आणा तुमची बाटली.
टेबलावर रुमाल पसरून गोळ्या बदलल्या. लेबलं जिथल्या तिथे.
माझा त्याग त्यांना शेवटी समजला.

५ मे
रेघ बरी आली. मोजणीबाईंनी चष्मा लावून बघितली. चांगल्या कामाने मन शांत होतं आणि मन शांत झालं की हात. मास्तरांची थोडी वेडीवाकडी. खरं औषध जोरदार असतं, सुरुवातीला व्हायचंच.
नव्या बाटल्या. तपासणी झाल्यावर बाकावर रुमाल.

२ जून
लेडीज घड्याळ उघडलं. बंदही केलं. चालतंय.
ही काउंटरला टेकून बघत होती. म्हटलं, रडतेस काय. म्हणाली, डोळ्यांत काहीतरी गेलं.

४ जून
मास्तर बिनबटणांचा टीशर्ट घालून आले. म्हणाले, उकडतं. मलाही ते पटलं.

४ जुलै
मास्तरांच्या हातून पेन दोनदा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी उचललं नाही, मी उचलून दिलं.
आज विचारायचं ठरवलं होतं, परत बदलायचं का. बाकावर बसलो, घसा साफ केला. मास्तरांनी आधीच रुमाल पसरला होता. मग विषय निघाला नाही.

४ ऑगस्ट
लिफाफा उघडला. सदतीस कोरी. अडतीस खरं.
मोठे डॉक्टर म्हणाले, कोऱ्या गोळीवर तुमच्याइतका गुण कोणालाच आला नाही, कमाल आहे. तुम्हाला आता औषधाची गरजच नाही. ज्यांना खऱ्याचा गुण आला त्यांना ते पुढेही मिळेल. अडतीसला आला नाही. त्यांचं बंद.
मी थँक यू म्हणालो.

६ ऑगस्ट
मास्तरांकडे गेलो. दार शेजारणीने उघडलं, ती त्यांना भरवत होती. काय बोलायचं ते रस्त्यात पाठ केलं होतं. मास्तरांनीच विचारलं, किती घड्याळं उघडलीत? म्हटलं, अकरा. म्हणाले, चालतायत? म्हटलं, हो. म्हणाले, मग बसा, चहा घ्या. कप भरून देतील या बाई.
संकल्प: उद्या डॉक्टरांना सगळं सांगायचं.

७ ऑगस्ट
पाऊस.

११ ऑगस्ट
दुकानात गर्दी. तीन गिऱ्हाइकं. हात किंचित जड. हवेमुळे.

१५ ऑगस्ट
हॉस्पिटल बंद असेल. विचारलं नाही.

१९ ऑगस्ट, सकाळी १०.२०
आलो. मोजणीबाई म्हणाल्या, लेखी द्या काका. कागद दिला, पेन दिलं. दोन्ही बाटल्यांचं लिहिलं, रुमालाचं लिहिलं, कल्पना कोणाची तेही लिहिलं. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. म्हणाल्या, हे अक्षर लागत नाहीये, तोंडी सांगा. सांगितलं. दोन्ही नंबरांवर त्यांनी काट मारली. विचारलं, मास्तरांना औषध मिळेल ना? म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांना विचारते, बसा बाहेर.
बसलोय. मास्तरांची जागा रिकामी आहे.
पेन चांगलं होतं.