उशीर झाला तरी या

३ मार्च

ती. आत्यास,
खारूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

गुडघा कसा आहे? आईला सांग, मी मजेत आहे. तुला मात्र खरं लिहिते.

इथे परक्या मुलखात नर्स म्हणून येऊन पाच महिने झाले. संस्थेने बाळंतपणाचं केंद्र झकास बांधलंय. दोन खाटा, पाण्याची टाकी, बाळांना ऊब देणारा दिवा. बायका तपासायला येतात, बाळंत मात्र घरीच होतात. काल दुपारी एकीला उचलून आणलं. बाळ घरी झालं होतं, पण रक्त थांबेना. घरच्यांनी चार तास वाट पाहिली होती. डॉक्टरांनी आणि मी शर्थ केली, पण ती गेली. बावीस वर्षांची होती. मुलगी वाचली, तिला पावडरचं दूध पाजतोय.

इथले सहकारी म्हणतात, लोकच अडाणी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आत्या, मला परत यावंसं वाटतंय. बाळंतपणाच्या वॉर्डात तू चौतीस वर्षं कशी काढलीस गं?

तुझी,
खारू

१६ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

गुडघा माझ्याइतकाच हट्टी आहे, त्याची चौकशी पुरे. यायचं तर खुशाल ये, घ्यायला मी लंगडत येईन. पण आधी त्या गेलेल्या मुलीच्या घरी जाऊन ये. वही नेऊ नकोस आणि उशीर का केलात, असं विचारू नकोस. नुसती बस. अडाणी तर आम्हीही म्हणायचो. पण चार तास कोणी हौसेने थांबत नाही.

तू नीट जेवतेस का, असं आईने विचारलं. मी हो म्हणून ठोकून दिलं. आता ते खरं कर.

आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

गेले होते. केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशींना दुभाषी म्हणून सोबत नेलं. एकच खोली, गादी उन्हात टाकलेली. गेलेल्या मुलीची आई गावातली जुनी सुईण आहे. तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मग आपणहून बोलू लागली.

सातव्या महिन्यात मुलगी तिच्यासोबत तीन तास चालून केंद्रात आली होती. आधीच्या दोन तपासण्या चुकल्या होत्या. तिथल्या नर्सने बाकावरच्या सगळ्या बायकांसमोर तिला झापलं, पोटातल्या बाळाची काही काळजी आहे की नाही म्हणून. घरी येऊन ती म्हणाली, पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. बाळंत झाल्यावर रक्त जात असतानाही ती म्हणत होती, आता तर आणखी उशीर झालाय, ती बाई ओरडेल.

आत्या, ती बाई म्हणजे मी. तिला झापलं त्या दिवशी चाळीस जणी होत्या, सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. कारणं सगळी आहेत, पण एकही पुरं पडत नाही. मी तिथेच सांगितलं की ती मीच. मावशी भाषांतर करेनात. मी पुन्हा सांगायला लावलं. म्हातारी म्हणाली, तू दारात आलीस तेव्हाच ओळखलं होतं. मग बसवलंत कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाली, सांगतेस का ते बघायचं होतं.

खारू

१५ एप्रिल

चि. खारूस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, आईला दाखवलं नाही. तुझी चूक नव्हती असं मी लिहिणार नाही. होती. मीही कितीजणींवर खेकसले, आणि त्यातल्या कोण पुन्हा आल्या नाहीत हे कधी पाहिलं नाही. कोणाच्या घरी गेले नाही. तू गेलीस.

आता सुईणबाईंना केंद्रात बोलाव. दाराबाहेर नाही, आत, बाळंतिणीच्या उशाशी स्टूल दे. नाही म्हणाल्या तर पुन्हा विचार.

आत्या

३० मे

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

सुईणबाई दोनदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा आल्या, आणि नातीला पाठीशी बांधून आल्या. पोरगी आता चांगली गुटगुटीत झाली आहे.

गेल्या सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःच शेजारच्या सुनेला हाताला धरून आणलं. उशाशी बसल्या. बाळ झालं, पण रडेना. मी तोंडावर मास्क धरून पिशवीने श्वास देत होते, सुईणबाई बाळंतिणीचं डोकं मांडीवर घेऊन होत्या. मिनिटभराने पोराने सूर लावला. इतक्यात रक्त सुरू झालं. इंजेक्शन दिलं आणि पोट चोळायला घेतलं, पण माझा जोर पुरेना. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून जोर दिला. हे चोळणं त्यांना माझ्या जन्माआधीपासून येतं गं, फक्त घरी इंजेक्शन नव्हतं. रक्त थांबलं. मायलेक दोघं ठीक आहेत.

मी आणखी वर्षभर इथेच राहते आहे. आईला तू सांग, माझी हिंमत नाही.

आज बाहेरच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून सुईणबाई माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मी मावशींना अर्थ विचारला. त्यांनी सांगितलं, उशीर झाला तरी या. ही आता काही बोलणार नाही. बोललीच तर मला सांगा.

माया अशीच राहू दे.

तुझीच,
खारू