घरी ठेवाल का?

मोताळा

बाबा,

तुमच्या सुटकेची फाईल आली, तेव्हा पोलीस ठाण्याच्या जमादारानं घरी येऊन विचारलं, "बाप जन्मठेपेतून सुटला तर घरी ठेवाल का?" मी रागात "नाही" लिहून दिलं. त्याच सकाळी कॉलेजातल्या सुचिताले मागणी घालाले गेलो, तर तिच्या बापानं मले "खुन्याचा पोरगा" म्हणत अंगणातून हाकललं होतं.

तिचं लग्न झालं, मी कॉलेज सोडलं. आई गेल्यापासून घरात एकटाच आहे.

भेटीत तुम्ही विचारता, "चौदा वर्षं शिस्तीत काढली बे गोकुळ, साहेबांनी सुटका काऊन नाकारली?" मी साहेबांलेच शिव्या देतो.

काल लिहून दिलं, ठेवतो म्हणून. जमादार म्हणे, "आता पुढच्या वर्षी पाहू."

हे पत्र टाकायची हिंमत नाही. वाचून तुम्हीही "नाही" म्हटलं, तर मले कोण ठेवील?

तुमचाच,
गोकुळ