वरच्या मजल्यावरचे मिश्राजी

गोडादरा, सुरत
आखाजीचा दुसरा दिवस

तीर्थरूप दगामामा आणि सौ. मामी यांच्या पायांवर भाचा हेमराजचं डोकं, सौ. उज्ज्वलाचा वाकून नमस्कार आणि लेक नूतनचा मोबाइलमध्ये बघता बघता केलेला नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, म्हैस पुन्हा दुधावर आली असेल आणि कानातलं यंत्र तुम्ही कानातच ठेवत असाल अशी आशा करतो. (मामी सांगत होत्या, की ते देवळीत ठेवलेलं असतं आणि त्याला गंध-फूलही मिळतं.) फोन सोडून हेमराजनं हे जुन्या काळासारखं पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. मामा, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मागच्या खेपेस माझ्या मूळव्याधीची बातमी तुमच्या आधी पारावर पोचली आणि दोंडाईच्याच्या बाजारात तीन अनोळखी माणसांनी मला औषधं सुचवली. म्हणून हे पत्र. वाचायला चष्मा लागेल, पण आवाज होणार नाही.

गावात बोलवा उठली आहे म्हणे, की हेमराजनं वरच्या मजल्यावर परदेशी माणसं ठेवली आणि आता तो धर्मही बदलणार, देशही सोडणार. यातलं फक्त पहिलं खरं आहे, आणि त्यातही निम्मा दोष तुमच्या सासुरवाडीचा आहे. कसा, ते सांगतो.

आमच्या पलसाण्याच्या मिलमधून कापड रंगवून इजिप्तला जातं. बहुतेक सगळं काळं. आपल्याला काळं म्हणजे काळं. पण तिकडच्या व्यापाऱ्यानं एक माणूस इथं कायमचा बसवला आहे, तो काळ्यातला लालसर काळा, हिरवट काळा आणि खरा काळा वेगळा काढतो आणि आम्हाला डोकं धरायला लावतो. हा माणूस पहिल्यांदा कँटीनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. गोरापान, कुरळे केस, नाक चांगलं घसघशीत. मी हिंदीत विचारलं, भाई, कुठले? तो म्हणाला, "मैं बलसाणा में रोज आता हूँ." मामा, मी उठून उभाच राहिलो! बळसाणे म्हणजे मामींचं माहेर. मामींच्या माहेरचे लोक गोरे, नाकेले, हे मला माहीत. नाव विचारलं तर म्हणाला "मगदी". मला मगनच ऐकू आलं. मी त्याला चहा पाजला, वर भजी खाऊ घातली, आणि बोलता बोलता कळलं की त्याला घर मिळत नाही, जो तो "शुं खाओ छो?" विचारून दार लावून घेतो. मी छातीवर हात मारून सांगितलं, मामीच्या माहेरचा माणूस आणि सुरतमध्ये घरासाठी फिरतो? माझा वरचा मजला रिकामा आहे, उद्या सामान घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी तो सामान आणि बायको घेऊन आला, तेव्हा समजलं की त्याला 'प' म्हणता येत नाही. त्यांच्या भाषेत ते अक्षरच नाही. पलसाण्याचं बलसाणा त्यानं केलं होतं, बळसाण्याशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. तो इजिप्तमधल्या महल्ला नावाच्या गावचा. पण शब्द दिला तो दिला. (तुम्हीच शिकवलंत. बैल लंगडा निघाला तरी बाजारातला शब्द मोडायचा नाही.) तेव्हापासून मी बाटील आहे, उज्ज्वला बाबड भाजते आणि संध्याकाळी चौकात बाणीबुरी मिळते. ज्वारीच्या पापडांचा, एक बिबड्या हा शब्द मात्र तो आपल्यापेक्षा स्वच्छ म्हणतो, आणि खातोही आपल्यापेक्षा जास्त.

बायकोचं नाव नगवा. तिची आणि उज्ज्वलाची ओळख भांडणातून झाली. एका सकाळी वरून वांगी भाजल्याचा वास आला. तुम्हाला माहीत आहे, भाजल्या वांग्याचा वास आला की खान्देशी बाई जागेवर राहू शकत नाही. उज्ज्वला वर गेली तर नगवा सोललेल्या वांग्यात वाटलेले तीळ आणि लिंबू घालत होती. मिरची नाही, शेंगदाणे नाहीत, कांद्याची पात नाही! उज्ज्वला खाली आली, हिरव्या मिरच्यांचा ठेचा घेऊन परत वर गेली आणि त्या भल्या बाईच्या वाडग्यात घालून मोकळी झाली. नगवा ओरडली तिच्या भाषेत, उज्ज्वला ओरडली अहिराणीत. दोघींनाही एकमेकींचं सगळं समजलं. मग नगवानं एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरा घास घेतला. आता आठवड्यातून एकदा दोन्ही घरांतली भरतं माझ्यासमोर येतात आणि कोणतं चांगलं ते दोघी विचारतात. मी त्या दिवशी मुद्दाम ओव्हरटाइम घेतो.

इथवर सगळं छान चाललं होतं. घोटाळा बाबुरावांनी केला. बाबुराव म्हणजे आमच्या गल्लीतल्या खान्देशी मंडळाचे अध्यक्ष, साडीच्या लेसचे व्यापारी आणि आवाजाचे फार मोठे. त्यांनी विचारलं, वर कोण आलं? मी म्हटलं, मिस्रचे आहेत. (हिंदीत इजिप्तला मिस्र म्हणतात, नूतननं सांगितलं होतं. मला वाटलं जरा वजन पडेल.) बाबुरावांनी ऐकलं मिश्रा. गोरा माणूस, गंभीर चेहरा, सकाळी लवकर उठून हातपाय धुतो, दारू शिवत नाही. बाबुरावांची खात्रीच पटली की काशीकडचे मोठे पंडित आहेत. ते जाता-येता हात जोडू लागले. मगदीला वाटलं सुरतमध्ये अशीच पद्धत असेल, तोही जोडू लागला. एकदा बाबुरावांनी त्याला नव्या दुकानाचा मुहूर्त विचारला. तो बिचारा म्हणाला, "फ्राइडे बेस्ट." (जुम्म्याची त्याला सुट्टी असते, उद्घाटनाला येता आलं असतं.) दुकान शुक्रवारी उघडलं आणि मामा, काय सांगू, असं चाललं की बाबुरावांना दोन पोरी आणखी कामाला ठेवाव्या लागल्या.

मग अर्थातच बाबुरावांनी सत्यनारायण घातला आणि मिश्राजींना आमंत्रण दिलं. मगदीला वाटलं जेवायला बोलावलंय. तो इस्त्रीचा शर्ट घालून, नगवा तिच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा डबा घेऊन, असे दोघं आले. बाबुराव पितांबर नेसून पाटावर बसलेले, गल्ली सगळी जमलेली, समोर प्रसादाच्या शिऱ्याचं ताट. दहा मिनिटं सगळे मगदीकडे बघतात, मगदी सगळ्यांकडे बघतो. शेवटी बाबुरावांनी हात जोडून सांगितलं, "सुरू करो महाराज." मगदीनं डोळे मिटले, पुटपुटत देवाचं नाव घेतलं, आणि शिऱ्याचा एक मोठा घास तोंडात टाकला.

मामा, बाबुरावांचे जोडलेले हात तसेच राहिले आणि सगळी गल्ली त्या ताटाकडे बघत राहिली; असा प्रकार मी सुरतमध्ये पंचवीस वर्षांत पाहिला नाही. मगदी एकटा आनंदात होता. "माय मदर, सेम!" असं म्हणून त्यानं दुसरा घास घेतला. शेवटी बाबुरावांच्या आई, शांताबाई, ऐंशीच्या पुढच्या, कोपऱ्यातून म्हणाल्या, "खाऊ द्या त्याले. देवले आते काय भूक लागनी व्हती? पाव्हनाले लागनी व्हती." शिरा पुन्हा केला, खरे भटजी रिक्षानं आणले, पूजा झाली. पण बाबुरावांचं मन दुखावलं ते दुखावलं. मिश्रा नाहीत, पंडित नाहीत, देशातले नाहीत आणि आपल्या धर्माचेही नाहीत! हेमराजनं समाजाची फसवणूक केली, असं म्हणून त्यांनी मंडळाची सभा लावली. विषय एकच: वरच्या मजल्यावरची माणसं राहणार की जाणार.

मामा, मी भाषण पाठ केलं होतं. उभा राहिलो आणि सगळं विसरलो. "हे लोक फार चांगले आहेत, त्यांना काळा रंग ओळखता येतो," एवढं बोलून खाली बसलो. (उज्ज्वलानं कपाळाला हात लावला, तो आवाज मला मागे ऐकू आला.) बाबुराव म्हणाले, आपली ओळख ना पाळख, गाव ना शीव, अशा माणसांना आपण ठेवून घ्यायचं कशावर? लोक माना हलवू लागले. मगदीला भाषा कळत नव्हती, पण माना कळत होत्या. तो रुमालानं मान पुसत बसला होता.

तेवढ्यात नगवा उठली. साडी नव्हती, तिचाच लांब झगा, डोक्याला रुमाल. कागद नाही, काही नाही. उज्ज्वलाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मन्हं नाव नगवा शे. मन्हं गाव महल्ला शे. तठे बी मिल शेतस, आठे बी मिल शेतस. मन्ही माय तठे शे. मी आठे शे."

एवढीच अहिराणी तिला येत होती. पुढचं मोडक्या हिंदीत. म्हणाली, बाप मागावर होता, भाऊ मागावर, तिकडे काम कमी झालं म्हणून आम्ही इकडे आलो, जसे तुम्ही आलात. दर शुक्रवारी आई फोनवर एकच विचारते, तिथं तुझी माणसं कोण? मी सांगते, बाटीलचं घर आहे, उज्ज्वला आहे, नूतन आहे. आणि चौकात एक म्हातारी बसते, ती रोज मला काहीतरी विचारते. मला समजत नाही, पण ती रोज विचारते. आईला तेवढ्यानं झोप लागते.

सगळ्यांच्या नजरा शांताबाईंकडे गेल्या. बाबुराव म्हणाले, "माय, तू काय ईचारस तिले?"

"काय ईचारसू?" शांताबाई म्हणाल्या. "जेवनी का माय, इतलंच ईचारसू."

उज्ज्वलानं ते नगवाला हिंदीत सांगितलं. इतका वेळ धीट उभी असलेली ती बाई तोंडाला रुमाल लावून खालीच बसली. मग शांताबाई काठी टेकत तिच्यापर्यंत गेल्या, आणि त्यानंतर सभा सभा राहिली नाही. जो तो आपलं सांगायला लागला, मी कसा आलो, गाडीत बसताना मायनं काय बांधून दिलं, पहिल्या दिवशी कुणाच्या ओट्यावर झोपलो. बाबुरावही उभे राहिले, "मी जेव्हा सुरतले उनू" एवढं म्हणाले आणि इतका मोठा आवाज असलेला माणूस पुढचं सोडून नगवासाठी पाणी आणायला गेला. विषयपत्रिकेवरचा विषय कुणाला आठवला नाही.

आणि काल आखाजी. अक्षय्य तृतीयेचा, लेकी माहेरी येण्याचा सण. शांताबाईंनी सकाळीच निरोप पाठवला, वरची पोर मन्हाकडे माहेरले येवाले पाहिजे. झालं! आई झाली शांताबाई, म्हणजे भाऊ कोण? बाबुराव! त्यांना बहिणीला साडी घ्यावी लागली, स्वतःच्या दुकानातली सगळ्यात रुंद लेस लावून. आणि ज्या मगदीला ते घालवायला निघाले होते, त्याला दारात उभं राहून "या जावईबापू" म्हणावं लागलं. मांडे झाले, आमरस झाला. बायकांनी झोका बांधला, नगवा साडीत पाय अडकून दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा सगळ्यांपेक्षा उंच गेली. जेवणानंतर बाबुरावांनी जावईबापूंना हळूच बाजूला घेतलं. मी कान दिला. दुसऱ्या दुकानासाठी वार विचारत होते.

तर अशी आमच्याकडची खुशाली. गावात कुणी काही बोललं तर हे वाचून दाखवा, पण मूळव्याधीची ओळ गाळा. मामींना सांगा, बळसाण्याची आणखी दोन माणसं वाढली आहेत.

तुमचा भाचा,
हेमराज

ता. क. — आता मुद्द्याचं. महल्ल्याच्या एका मिलनं नूतनला रंगाच्या प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली आहे. मगदीनंच बोलणं जमवलं. ती नगवाच्या आईजवळ राहील. आमच्या मायला हे कसं सांगावं ते मला सुचत नाही. ती सुरतलाच परदेश समजते. ती एकट्या तुमचं ऐकते. धाकटा भाऊ म्हणून तुम्ही तिची समजूत काढा. ही माणसं कशी आहेत ते वर मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

ता. क. दुसरा — हे उज्ज्वलाला न दाखवता लिहितो. माय नाहीच म्हणाली, तर फार ताणून धरू नका. वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं, असं मीही नूतनला सांगेन. पोरगी एकुलती आहे मामा.

ता. क. तिसरा — पाकीट बंद करण्याआधी नूतननं पत्र वाचलं. (या घरात काही लपत नाही.) ती हसतेय. तिनं आजीला महिन्यापूर्वीच सांगितलं म्हणे, आणि मायनं तिच्यासाठी लोणचंही घालून ठेवलं आहे. वर तेव्हाच बजावलं होतं, "तुना बापले आताच सांगू नको, तो रडी." तेव्हा मायची समजूत काढायची गरज उरली नाही. माझी काढायला या. लवकर या.