आपोआप सरकणारा बाण

प्रिय स्वराली,

कर्वेनगरहून बिबवेवाडीला रिक्षाने येता येतं, तरी मी तुला टपालाने पत्र पाठवते आहे, म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं तू ओळखशीलच. फोनवर बोलणं नको वाटलं. ईमेल तर त्याहून नको, कारण ज्याच्यावरून ईमेल करायचा, त्याच्याबद्दलच सांगायचं आहे. तुझा आणि आमोदचा घटस्फोटाचा निकाल अजून लागायचाय. अशा वेळी सासूने सुनेला पत्र लिहावं का, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा आधी सगळं वाच आणि मगच काय तो राग धर.

आतल्या खोलीतला माझा कॉम्प्युटर अजून तोच आहे. तुझ्या सासऱ्यांनी घेतलेला, मागून पंख्याचा घुं घुं आवाज करणारा. खिडकीवर रजई टांगून मी अजून त्याच खुर्चीत दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचते, रेकॉर्ड करते आणि संस्थेला पाठवते. जुनं विंडोज बंद होणार असं संस्थेने कळवलं, तेव्हा तू याच घरात होतीस. नव्या विंडोजने आपल्या मशीनची तपासणी केली आणि प्रोसेसर जुना, सुरक्षेची चिप नाही, असं सांगून नकार दिला. आमोद म्हणाला, भंगारात दे, नवीन घे. तू मात्र कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "अहो आई, हे म्हणजे नुसती पत्रिका बघून नकार देण्यासारखं आहे. मुलगी बघितलीये कुणी?" मग कुठूनसा पेन ड्राइव्ह तयार करून आणलास, आतली डिस्क बदललीस, ती तपासणीची पायरी गाळलीस आणि संध्याकाळपर्यंत ते नवं विंडोज आमच्या म्हाताऱ्यावर सुरळीत नांदायला लागलं. एवढंच म्हणालीस की, दरवर्षीचं मोठं व्हर्जन इथे आपोआप येणार नाही, ते हाताने घालावं लागेल. "मी आहे ना," असंही म्हणालीस.

पुढे तुम्ही दोघं खराडीला राहायला गेलात. तिथूनही तू ऑफिसमधून फोन करायचीस, "आई, आता स्क्रीनवर 'हो' दाबा," आणि मी 'हो' दाबलं की तुझा बाण माझ्या स्क्रीनवर फिरायला लागायचा. नंतर तू खराडीतूनही गेलीस. तेव्हा आपण दोघी एकमेकींशी काही बोललो नाही. ते असो.

या हिवाळ्यात संस्थेचा पुन्हा निरोप आला, ज्यांचं व्हर्जन मागचं असेल त्यांनी बदलून घ्यावं. मी वरच्या मजल्यावरच्या मैत्रीला बोलावलं. ही भाड्याने राहणारी मुलगी, सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. तिने दोन ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाली, "काकू, तुमचं तर लेटेस्ट आहे."

मी म्हटलं, "आलं असेल आपोआप."

"या मशीनवर आपोआप येत नाही. कुणीतरी बसून टाकलंय. तुम्ही कुणाला दिला होता का?"

मी कुणालाही दिला नव्हता. तू मला ओळखतेस. मी दूधवाल्याच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय पिशवी आत घेत नाही. माझ्या घरात येऊन, माझ्या खुर्चीत बसून, कुणीतरी एवढं मोठं काम करून जातं आणि मला पत्ता नाही, म्हणजे काय? पहिला संशय अर्थातच मैत्रीवर गेला. मी सांगलीला बहिणीकडे जाते तेव्हा झाडांना पाणी घालायला किल्ली तिच्याकडे असते. शिवाय चोर नेहमी स्वतःच येऊन चोरी झाल्याचं सांगतो, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी तिने ढोकळा आणून दिला, तर मी तो आधी हुंगला. हसू नकोस.

मग मी की-बोर्डवर भरतकामाचा रुमाल टाकायला लागले, मोराची चोच भिंतीकडे करून. दुपारी मी पडते तेव्हा कॉम्प्युटर चालूच असतो, कारण रेकॉर्डिंग पाठवायला फार वेळ लागतो. एके दिवशी उठून पाहिलं, तर मोर जागच्या जागी आणि स्क्रीनवर मात्र मी न उघडलेली खिडकी उघडी. म्हणजे खोलीत कुणी आलंच नव्हतं. मैत्री संशयातून सुटली. मी तिला ढोकळ्याची वाटी परत करताना त्यात खोबऱ्याच्या वड्या घातल्या, पण का ते सांगितलं नाही.

दुसरा संशय आमोदवर आला. पोटच्या मुलावर संशय घेताना मला लाज वाटली, पण तरी घेतला. बरेच दिवस तो माझ्यामागे लागलाय की, हा फ्लॅट भाड्याने दे आणि खराडीला ये. चौदाव्या मजल्यावर वारा छान येतो म्हणे. मला वाऱ्याची हौस नाही. घरात काहीतरी भलतंसलतं होतंय असं वाटून आई घाबरेल आणि येईल, म्हणून तोच तिथे बसून हे उद्योग करत असेल, असं मी मनात पक्कं केलं. तो आला की मी त्याचं तोंड निरखायची. त्याला हे प्रकरण सांगितलं, तर आता तोच माझं तोंड निरखायला लागला.

"आई, तूच काहीतरी दाबलं असशील. विसरली असशील."

"मी विसरत नाही."

"परवा गॅसवर दूध विसरलीस."

झालं. त्याने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. आणि स्वराली, खरं सांगते, तेव्हापासून मला सगळ्यात जास्त संशय माझाच यायला लागला. रेकॉर्डिंग करताना एखादी ओळ मी वाचली की नुसतं वाचल्यासारखं वाटलं, असं थबकायला व्हायचं. कुलूप लावून जिना उतरले की परत चढून कुलूप ओढून बघायची. एकट्या बाईचं सगळं चालतं ते तिच्या स्वतःवरच्या भरवशावर. तोच गेला तर चौदावा मजला काय आणि चोविसावा काय! डॉक्टरांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, मी सगळं बिनचूक सांगितलं. ते आमोदला म्हणाले, "स्मरणशक्ती ठणठणीत आहे. संशय जरा जास्त घेतात, पण त्याला माझ्याकडे औषध नाही." मी मेले असते तरी आमोदचा चेहरा त्याहून जास्त पडला नसता, असं तेव्हा मला वाटलं. आता वाटतं, आई ठीक आहे तर मग हे करतंय कोण, या काळजीत होता बिचारा.

मागच्या रविवारी तो जेवायला आला होता. आम्ही दोघं टेबलाशी, त्याच्या पानात वांग्याची भाजी, आणि आतल्या खोलीतून माझाच आवाज यायला लागला. सातवीचा भूगोल, नद्यांचा धडा. मी इथे बसलेली आणि मीच तिथे शांतपणे वाचतेय की नदी उगमापाशी अरुंद असते. एरवी हेडफोनची पिन लावलेली असते, त्या दिवशी पुसायला म्हणून काढली होती, म्हणून आवाज बाहेर आला. आमोद खरकट्या हाताने उठून धावला. स्क्रीनवर बाण सरकत होता. सावकाश, नेमका, ओळखीच्या घरात माणूस वावरतं तसा. आमोदने वायरच उपटली.

भानावर आल्यावर पहिली गोष्ट तो म्हणाला, "स्वराली."

मी म्हटलं, "उगाच कुणाचं नाव घेऊ नकोस." कारण हल्ली त्याच्याकडे दूध नासलं तरी तुझंच नाव निघतं. "आणि मी 'हो' दाबल्याशिवाय तिला येताच येत नाही."

"कायमचा पासवर्ड ठेवला असेल तर येतं, आई. न विचारता येतं." मग हात न धुताच खुर्चीत बसला आणि त्याच्या डोळ्यांत एक चमक आली, ती मला आवडली नाही. "सापडली. हे कोर्टात दाखवायचं."

तो गेल्यावर मी वायर जोडली. माझ्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये माझी नसलेली एक इवलीशी फाइल होती. नाव होतं 'चहा'. माइक तपासायचा तर सगळं जग हॅलो हॅलो म्हणतं. एकच मुलगी "अहो आई, चहा" म्हणायची आणि फाइलला तेच नाव द्यायची. वायर ओढल्यामुळे ती तुला पुसता आली नसणार.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तुला वाईट वाटेल, पण सगळंच सांगायचं ठरवलंय. मला आधी आनंद झाला नाही, भीती वाटली. तू माझ्या माइकमधून माझं घर ऐकतेस, असं वाटलं. आमोद इथे येऊन तुझ्या वकिलांबद्दल काय बोलतो ते टिपायला बसली आहेस, असं वाटलं. मी ती फाइल लावली. आत पंख्याची घुं घुं होती, लांबवर कुकरची शिट्टी आणि मागे मी कसलंसं गुणगुणत होते. बस्स, एवढंच, आणि तेही अगदी थोडं. नवं व्हर्जन घातलं की आवाजाची सेटिंग बिघडते, ती तू नीट लावत होतीस. मी रजईआड बसून वाचून पाहिलं, तर आवाज इतका स्वच्छ येत होता, जितका तू असताना यायचा.

मग मी नद्यांचा धडा लावायला गेले. तो ऐकायचा प्रोग्रॅम मला विचारतो, मागच्या वेळी थांबलात तिथून पुढे ऐकायचं का? मी तो धडा रेकॉर्ड केल्यावर पुन्हा कधी लावला नव्हता. रविवारी तो जेमतेम सुरू झाला होता, तरी थांबलेली जागा अगदी शेवटी, स्वाध्यायाच्या जवळ होती. शेजारचा धडा लावला, तोही तसाच. माइक नीट चालतोय का बघायला दोन वाक्यं पुरतात, स्वराली. पिकांचे प्रकार आणि ज्वालामुखी कुणी हौसेने ऐकत नाही. तू बिबवेवाडीच्या तुझ्या खोलीत बसून माझा आवाज ऐकत होतीस, असा आता माझा संशय आहे. हा एवढा एक संशय खोटा ठरू नये असं मला फार वाटतं.

तरीही न विचारता आलीस, ते मला आवडलेलं नाही. तुझ्यापायी मी स्वतःला वेडी समजायला लागले होते. एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं? पण तो फोन आला असता तर मी उचलला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर इथे लिहीत नाही.

पत्र लिहायचं कारण आता सांगते. काल आमोद पुन्हा आला. वकिलांनी तक्रार लिहून दिली होती, खाली फक्त माझी सही हवी होती. माझ्या मशीनमध्ये परवानगीशिवाय शिरल्याबद्दल. येत्या शनिवारी तो मशीन एका जाणकाराकडे नेणार होता. मी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हटलं, "यात चूक आहे. तिला माझी परवानगी आहे."

"कधी दिलीस?"

"घराची किल्ली दिली तेव्हा. ती मी अजून परत मागितलेली नाही."

"आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"तुमच्या भांडणात तुझ्याच. मशीन माझं आहे." त्याने कागदाची घडी करून खिशात घातली आणि जाताना नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. त्याने हे मान्य केलंय असं नाही. वकिलांकडून तुला विचारणा होईल. तेव्हा घाबरून काही पुसू नकोस, काही नाकारू नकोस. सासूची परवानगी होती आणि आहे, एवढंच सांग. काल बोलले त्यात खोटं काही नव्हतं, फक्त तुला कळवायचं राहिलं होतं, ते आज कळवते. मी तुला परत नांदायला बोलवत नाहीये. ते तुमचं तुम्ही बघा. पण पुढच्या व्हर्जनच्या वेळी सरळ जिना चढून ये, शेजारची खुर्ची ओढ आणि काय करतेस ते मला दाखव. हे काम मला स्वतःला शिकायचं आहे. तू सहज आलीस तर मात्र त्याला काही निमित्त लागत नाही.

तुझीच
(नातं काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतंच)
सुहासिनी