दसऱ्याले ऑटो काढतो

३ सप्टेंबर
रूपालीनं आदिलाबादच्या मनाच्या डॉक्टरीणबाईकडे ओढून नेलं. मले काई झालं नाई. बायकोचं समाधान! उन्हाळ्यात लॉरीनं ऑटोले धडक देली, बाजूले बसलेली माजी आई गेली. झालं ते झालं. ऑटो दुरुस्त होऊन अंगणात आहे. चालवत नाई, कारण बॅटरी. दसऱ्याले काढतो. पक्कं.

१० सप्टेंबर
बाई बोटं डावी-उजवी हलवते. डोकं न हलवता आपण नुसते डोळे फिरवाचे, अन् मनात सगळ्यात वाईट आठवण आणाची. मी जत्रेत हरवलेला बैल आणला. आईले काऊन मधात आणा? बाईनं विचारलं, कसं वाटते. म्हटलं, फस्क्लास. बैलाचं दुःख खरंच कमी झालं. इलाज भारी आहे.

१७ सप्टेंबर, दुपार
आता घरीच इलाज. ऑटोत बसून वायपर लावला. डावी-उजवी, डावी-उजवी. ऊन कडक. शेजारच्या विमलबाईनं विचारलं, काऊन रे देवानंदा? म्हटलं, काच पुसून राह्यलो. डावीकडे आई बसे. तिकडे नजर गेली की घाम फुटते, म्हणून उजवीकडेच पाह्यलं. अर्धा तर अर्धा.
बॅटरी चालू आहे हे रूपालीनं पाह्यलं. आता क्लच खराब.

२४ सप्टेंबर
दवाखान्यात गेलो नाई. बऱ्या माणसाचं तिथं काय काम? झोपेत ओरडलो म्हणे. स्वरा भेली. पोरगीच भित्री आहे. तिले शब्द देला, दसऱ्याची पयली फेरी तुजी.

२ ऑक्टोबर, दसरा
ऑटो धुतला. झेंडूचा हार, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबं. स्वरा नवा फ्रॉक घालून बसली, नेमकी आईच्या जागी. किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू. लिंबावरून गाडी नेली की झालं, एवढंच तर काम. हात उचलेच ना.
उतरलो. क्लच, म्हटलं. पूजेची गाडी जागेवर ठेवू नाई म्हणून रूपाली अन् विमलबाईनं मागून ढकलली. लिंबू फुटलं अन् मी मटकन खाली बसलो. आई, आई करून ओरडलो म्हणे.
स्वरा जवळ आली. हळूच विचारते, पप्पा, मी मागं बसली तं चालवसान का?
नाई होत गं माज्यानं, म्हटलं. पोरीपुढं लई रडलो.