दस्त्याचा काटकोन

शनिवार, ४ जानेवारी २०२५

दोनच उरल्या! पेराझी आणि क्रिगहॉफ. एक इटालियन, एक जर्मन. दोन्ही बारा बोअरच्या, नळीवर नळी बसवलेल्या, दोन्ही हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्याच्या नेमबाजीसाठीच जन्मलेल्या. माझ्या नातीचा, पुनमचा, आयात परवाना हाती आहे. ३१ तारखेच्या आत दिल्लीच्या विक्रेत्याला दोन गोष्टी कळवायच्या : बंदूक कोणती, आणि दस्ता – खांद्याला लागणारा लाकडी भाग – कोणत्या मापाचा. ती तारीख टळली तर परवाना पुन्हा मागावा लागेल. म्हणजे वर्ष गेले.

प्रेमराजला जळगावला फोन केला. बाप तो आहे. म्हणाला, "नाना, तुम्ही सांगाल ती. मला केळीतलं विचारा." हे उत्तर अपेक्षितच होते.

वस्तुस्थिती अशी. पुनमने ऑक्टोबरात १२५ पैकी १०९ तबकड्या फोडल्या. डिसेंबरात ९१. कारण विचारले तर सांगते, "बोट हलत नाही, नाना. तबकडी दिसते, बंदूक तिच्यामागे जाते, आणि बोट हलतच नाही." यावरून चाप सदोष आहे असे अनुमान मी केले. म्हणून नवी बंदूक.

पुण्याच्या रेंजवर तिने मैत्रिणींच्या दोन्ही बंदुका एकेक फेरी चालवून पाहिल्या आहेत. "पेराझी गालाशी नुसती टेकली," म्हणाली.

"हा हेतू झाला का?"

"नाही."

"मग हेतू सांग."

चहा ठेवायला उठून गेली. या घरात जे हवे ते मागावे, परंतु आधी म्हणणे मांडावे, मग हेतू, म्हणजे तर्कशास्त्रातले कारण, मग उदाहरण – हा नियम ती माझ्याकडे राहू लागली तेव्हापासूनचा. सातव्या वर्षी सायकल मिळवली ती पाच वाक्यांत! आता विसाव्या वर्षी ती मला 'नुसती टेकली' म्हणते.

रविवार, ५ जानेवारी

रविवार म्हणजे बंदुकीची सफाई. नळ्यांत तेलाचा बोळा, मग दस्त्याला गुण्या, म्हणजे सुताराचा काटकोन, लावून तपासणी. आज गुण्या बसेना! दस्त्याच्या बुडाला रबरी गादी असते, ती खोलली. आत कातड्याची पाचर. वरच्या टोकाला जाड, खाली निमुळती. त्यामुळे बूड नळीशी काटकोनात राहिलेले नाही.

"ही कोणी घातली?"

"असेल आधीपासून," पुनम म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आधीपासून असणे शक्य नाही. ही बंदूक दोन वर्षांपूर्वी आम्ही जुनी विकत घेतली, ती तिच्या हाताला लांब पडत होती. सोनगीरच्या छगन मिस्त्रीकडून दस्ता आखूड करून घेतला तेव्हा मी गुण्या घेऊन त्याच्या डोक्यावर उभा होतो. तो तिरपा कापायला निघाला होता. तिरपेपणाला आधार काय, विचारले. सांगता आला नाही. काटकोनात कापून घेतला.

पाचर काढून टाकली. गुण्या बसला.

बुधवार, ८ जानेवारी

पुनम दिवसभर तिच्या प्रशिक्षकांबरोबर, गिरासे सरांबरोबर, सोनगीरच्या रेंजवर. इकडे क्रिगहॉफच्या बाजूने सात मुद्दे, पेराझीच्या बाजूने सात. चौतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले – आणि तराजूचा काटा मध्येच अडकून बसला आहे!

शुक्रवार, १० जानेवारी

पुनमच्या उजव्या गालावर निळा डाग. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. बंदुकीचे पोलादी कपाट. बिजागऱ्यांना तेल घातले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. प्रेमराज तिळगूळ घेऊन आला. थंडीने केळीचे घड काळे पडताहेत, हा विषय जेवणभर. मग मी वही काढली. पेराझीचा चापाचा संच बोटभर कळ दाबून सबंध बाहेर येतो. स्पर्धेत बिघडला तर दुसरा बसवता येतो. क्रिगहॉफचा तसा निघत नाही. परंतु तिच्यावर छर्ऱ्यांचा मार वरखाली करून घेता येतो. आता पहिला गुण संकटकाळचा, दुसरा नित्याचा. नित्य गुणाला अधिक वजन का द्यावे, हे मी सांगत होतो.

अक्का – माझी थोरली बहीण, शिंदखेड्याहून आणली तेव्हापासून इथेच – कळण्याची भाकरी मोडता मोडता म्हणाली, "भाऊ, तबकडी पोरगी फोडी का तुनी वही फोडी?"

प्रेमराज ठसका लागेपर्यंत हसला. मलाही हसू आले. पुनम ताटाकडे बघत होती.

रविवार, १९ जानेवारी

निर्णय झाला. क्रिगहॉफ.

निर्णय कसा झाला ते प्रामाणिकपणे लिहितो. चौदा मुद्द्यांपैकी पेराझीचा सातवा मुद्दा 'गालाशी टेकते' हा होता. तो मी बाद केला. अनुभव एका व्यक्तीचा, एका फेरीचा. त्यातून नियम निघत नाही. सहा विरुद्ध सात. प्रश्न सुटला.

विक्रेत्याचा मापांचा फॉर्म भरला. दस्त्याची लांबी, उंची, बाक – सगळी मापे जुन्या बंदुकीवरून घेतली, कारण ती मी स्वतः सिद्ध केलेली आहेत. शेवटचा रकाना : बुडाचा नळीशी कोन. लिहिले – ९०.

पुनमने फॉर्म हातात घेतला. फार वेळ वाचत होती. एक पान वाचायला इतका वेळ लागत नाही.

"पाठवू?"

"तुम्ही ठरवलंय ना."

"आक्षेप असेल तर मांड."

"नाही."

मौनाला संमती समजू नये, असे वर्गात सांगत आलो. आज मीच तसे समजलो. मेल पाठवला.

मंगळवार, २१ जानेवारी

आज प्रथमच तिच्याबरोबर रेंजवर बसलो. गुण मोजणे निराळे, बघणे निराळे. सोनगीरच्या पुढे जुनी खदान आहे. तिच्या तोंडाशी तबकड्या फेकणारे यंत्र पुरले आहे. पुनम उभी राहते, दस्ता खांद्याला लावते, ओरडते – "पुल!" केशरी तबकडी सुटते. बंदूक तिच्यामागे झुलते. आणि मग काहीच नाही. आवाज नाही. तबकडी पलीकडच्या दगडावर जाऊन आपली आपण फुटते.

पंचविसांपैकी चौदा. अकरापैकी सात वेळा तिने बार काढलाच नाही. मी खुर्चीत. उठावे असे वाटले, परंतु उठून काय करणार होतो?

गिरासे सर – सैन्यातले निवृत्त सुभेदार, आवाजाने खदान हलवणारे – आज हळू बोलत होते. "बाळ, डोळे मिटू नको." डोळे मिटते! हे मला कोणी सांगितले नव्हते.

परतताना पुनमला गाडीत बसवून छगन मिस्त्रीच्या दुकानात गेलो. सहज म्हणून पाचरीची गोष्ट काढली. त्याच्या हातातला रंधा थांबला.

"ते कातडं काढी टाकं का तुम्ही?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मीच ते बनाडेल शे, नाना. सर उनथात, पोरगी उनथी. पोरगी रडी ऱ्हायनी व्हती." म्हणजे ते दोघे माझ्या नकळत इथे येऊन गेले होते. मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने, "मना काय दोष? माप तुम्हनं, रंधा मना."

चहा सांगितला होता त्याने. तसाच राहिला.

बुधवार, २२ जानेवारी

पुनम दोन-चार दिवस जळगावला गेली. बंदूक क्लबच्या तिजोरीत.

दिल्लीला चार वेळा फोन केला. कोणी उचलत नाही. तो ९० चा आकडा तिथे कुणाच्या तरी टेबलावर आहे. त्याबरहुकूम अक्रोडाचे लाकूड कापले जाईल आणि पुन्हा जोडता येणार नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

अक्काला विचारले, पुनमच्या गालाविषयी तुला काय माहीत?

"बठ्ठासले माहीत शे." म्हणजे सगळ्यांना.

"प्रेमराजला?"

"त्याले बी. मी रोज तिले हयद लाई देस."

"मग मला कोणी का सांगितलं नाही?"

अक्का शेंगा सोलत होती. "तुले सांगं तर तू इचारस, हेतू काय. दुखस ह्या हेतू चालस का तुना वहीमा?"

दोन वर्षांपूर्वी, पहिल्या आठवड्यात, पुनम एकदा म्हणाली होती – नाना, दुखतं. मी काय उत्तर दिले ते मला शब्दशः आठवते. स्मरणशक्ती चांगली असण्याचा हा तोटा. म्हणालो होतो, "दुखणं ही घटना आहे, कारण नव्हे. कारण घेऊन ये."

ती कारण घेऊन कधीच आली नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

गिरासे सरांकडे एकटाच गेलो. "कारण तुम्ही सांगा," म्हटले.

सर हातातली टोपी फिरवत म्हणाले, "नाना, छाती म्हणजे भिंत नाही. काटकोनात कापलेला दस्ता छातीला सपाट बसत नाही. खालचं टोक आधी रुततं, बंदूक वर उसळते आणि गालफडावर बसते. दर बाराला. दिवसाला शंभर बार धरा. मग गाल आधीच भितो, डोळा मिटतो, बोट गोठतं. चापात काही दोष नाही." मग खदानीकडे बघत म्हणाले, "आणि बाईमाणसाला ते टोक कुठे रुतत असेल... ती पोर तुम्हाला कशी सांगणार होती?"

मी खाली बघितले. हेतू अस्तित्वात होता. तो माझ्यासमोर उच्चारता येणार नाही असा होता, इतकेच. आणि मी त्या पोरीकडे उच्चार मागत बसलो!

"मला एक बार काढायचा आहे," म्हटले. "त्याच बंदुकीने."

"नाना, शहात्तराव्या वर्षी?"

"अनुमान चुकलं की प्रत्यक्षाकडे जायचं असतं."

त्यांनी मला एक दिवसाचा सभासद करून घेतले, वहीत सही घेतली, कानांत बोळे दिले आणि पाठीशी हात धरून उभे राहिले. तबकडी सोडूच नका म्हणालो; समोरच्या दगडावर बार काढतो. गाल दस्त्याला लावला, जसा ती लावते.

काय झाले ते नीट लिहिता येत नाही. आधी खांद्याखाली पहार टोचल्यासारखे, आणि त्याच क्षणी कुणीतरी तोंडात मारली. चष्मा पडला. डोळ्यांतून पाणी आले; ते दुखण्याचे होते.

"अजून एक?" सरांनी विचारले. थट्टा नव्हती त्यात.

दुसऱ्या बाराला माझे बोट हलले नाही.

मी ठरवले, आज्ञा दिली, मोजले – हलले नाही. सरांनी हळूच बंदूक काढून घेतली.

एक बार. ती दोन वर्षे, दिवसाला शंभर.

शनिवार, २५ जानेवारी

दिल्लीचा फोन बंद. दुसरा मेल लिहायला बसलो – 'कोन ९० धरू नये.' मग किती धरावा? मला माहीत नाही. गिरासे सरांना फोन केला, तर "बघू नाना, घाई नाही," म्हणाले. ३१ तारीख सहा दिवसांवर आणि घाई नाही!

गालावर निळे उमटले आहे. आरसा टाळतो. अक्काने न विचारता हळदीची वाटी माझ्या टेबलावर ठेवली.

सोमवार, २७ जानेवारी

फोन लागला. दिल्लीचा माणूस अतिशय नम्र. माझे नाव सांगताच म्हणाला, "हां जी अंकल, नमस्ते! आपका फॉर्म मिल गया था."

म्हटले, तो रद्द करा. त्यातले एक माप चुकीचे आहे. सगळीच चुकीची असू शकतील. लाकूड कापू नका. माझा आवाज चढला असावा.

"टेन्शन मत लीजिए अंकल. आपका फॉर्म तो हमने प्रोसेस ही नहीं किया. ऑर्डर तो मॅडम का आठ तारीख को ही आ गया था. पेराझी. पूरा नाप के साथ, कोच साहब का साइन भी है. मॅडम ने बोला था, दादाजी का एक फॉर्म आएगा, संभाल के रख लेना. हमने रखा है."

आठ तारीख! त्या दिवशी मी सात विरुद्ध सात लिहीत होतो. त्यानंतर एकोणीस दिवस – संक्रांतीचे भाषण, बाद केलेला सातवा मुद्दा, माझ्या हातातून फॉर्म घेऊन तिने केलेले ते लांब वाचन...

"त्यांनी कोन किती दिला आहे?" विचारले.

कागद चाळल्याचा आवाज. "चौरासी, अंकल."

वहीत लिहून ठेवले. ८४. यात माझा काही भाग नाही.

बुधवार, २९ जानेवारी

पुनम जळगावहून आली. जेवायला बसलो. तिने माझ्या गालाकडे बघितले. हातातला घास हातातच.

"काय लागलं, नाना?"

"कपाटाचं दार."

अक्का भाकरी थापत राहिली. पुनमने माझ्या ताटात भरीत वाढले आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारले, "मग नक्की ना क्रिगहॉफ? की अजून विचार चाललाय?"

म्हटले, "दोन मुद्दे राहिलेत अजून. बघू."